नेमणुकीचं पत्र येईपर्यंत

भोकरदन
३ एप्रिल २०२५, गुरुवार

॥ श्री गजानन ॥

चि. तृप्तीस आशीर्वाद.

फोन असताना ही डब्याच्या पिशवीत कागद का घालून राह्यली, असं तुझ्या मनात येईल. पण फोनवर तू ‘हो’, ‘बरं’, ‘जेवले’ याच्यापुढे बोलत न्हाईस, आणि तुझे अण्णा लगेच स्पीकर लावतात. मंग शेजारी सोनूबाई काकूला पण कळतं की पोरीला आज कोणत्या दवाखान्यानं परत पाठवलं. म्हणून मी ठरवलं. डबा एसटीनं जालन्याला जातोच, त्यात माझा कागद येईल आणि रिकाम्या डब्यात तुझा यावा. कंडक्टरला दोन्हीचं सारखंच ओझं.

चार वर्षं शिकलीस, बी.एस्सी. नर्सिंग झालीस, पहिल्या वर्गात आलीस. तरी नोकरी लागत न्हाई हे मला समजत न्हाई. तुझे अण्णा मोंढ्यात धान्याचं माप करायला जातात तिथे लोक विचारतात, ते म्हणतात बघून राह्यली, चांगली बघून राह्यली. पण बाई, तू आयसीयूच का धरून बसलीस? साध्या वॉर्डात पण आजारीच माणसं असतात ना? मला कळेल असं लिही.

डबा रोज राजूरवरून जातो. देवळाच्या फाट्यावर गाडी थांबते तेव्हा गणपतीची नजर डब्यावर पडत असेल, असं मी धरून चालते.

मेथीची भाजी आहे. मागच्या वेळी डब्याचं रबर परत आलं न्हाई. रबर फुकट येत न्हाईत.

तुझी आई

*

जालना
७ एप्रिल २०२५

ती. आईस साष्टांग नमस्कार.

रबर माझ्या खोलीतल्या साक्षीने वेणीला लावलं होतं. काढून घेतलं, पाठवत आहे.

परवा आणखी एका हॉस्पिटलात जाऊन आलो, मी आणि साक्षी दोघी. मॅडमनी माझी फाइल उघडलीच नाही. म्हणाल्या, “व्हेंटिलेटर सांभाळलाय?” मी म्हटलं, कॉलेजची पोस्टिंग होती तेव्हा सांभाळला. “पोस्टिंग म्हणजे लांबून बघणं. अनुभव आणा, मग या.” साक्षी म्हणाली, मॅडम, कुणी घेतल्याशिवाय अनुभव आणायचा कुठून, बाजारात मिळतो का? आम्हाला दोघींना बाहेर काढलं. जिन्यात ती हसत होती. मला रडू येत होतं.

आयसीयू का, ते सांगते. तिसऱ्या वर्षाला आमची पोस्टिंग होती तेव्हा एका आजींचं हृदय माझ्यासमोर बंद पडलं. दोन सिस्टर आणि एक डॉक्टर, तिघांनी त्यांना परत आणलं. मी नुसती औषधं हातात देत होते. दुसऱ्या दिवशी त्या आजींनी मला हाक मारून चहा मागितला. आई, जे माणूस गेलं असं सगळ्यांनी धरलं होतं, ते चहात साखर कमी आहे म्हणत होतं. मला त्या जागेवर उभं राहायचं आहे. दुसरं काही कारण नाही.

मेथीची भाजी छान होती, पण मध्येच मिठाचा खडा दाताखाली आला. आणि अर्धी भाजी फिकी. वरून मीठ टाकल्यासारखी. तुझ्या हाताची भाजी अशी कधी नसते. तब्येत बरी आहे ना?

अण्णांना नमस्कार.

तृप्ती

*

भोकरदन
१४ एप्रिल २०२५

॥ श्री गजानन ॥

चि. तृप्तीस आशीर्वाद.

घाई झाली, मीठ मागून टाकलं, एवढंच. आता डबा भरताना लक्ष ठेवीन. तब्येतीला काही झालेलं न्हाई.

तू चहावाल्या आजीचं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. सोनूबाई काकूला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीचा नाद चांगला आहे. मी आता तुला साध्या वॉर्डाचं म्हणणार न्हाई. आयसीयू म्हणजे आयसीयू. गणपतीच्या कानावर घातलेलं आहे, बराबर ऐकतो तो.

आज वांगी आहेत.

तुझी आई

*

(डब्याच्या झाकणात, वेगळ्या कागदावर)

तृप्ते, तुझी आई न्हाणीत गेली तेवढ्यात लिहून राह्यलो. तिला कळू देऊ नको. तिनं राजूरच्या गणपतीला नवस बोलला. तुझ्या हातात आयसीयूच्या नेमणुकीचं पत्र येईपर्यंत तिनं अळणी धरलं. पाडव्यापासून घरात मीठ शिजत न्हाई. तुझ्या डब्याला तेवढं वरून टाकते, म्हणून तुला खडा लागला.

आता एका घरात दोन भाज्या शिजवायच्या म्हणजे तिच्या जिवावर येतं, गॅस जळतो. मंग मी म्हटलं, मला पण तेच वाढ. बाहेरचं पण काही खात न्हाई, मोंढ्यातले लोक हसतात, हसू दे. पोरीसाठी एकट्या आईनंच का धरायचं? पहिले चार दिवस घास फिरत होता, आता फिरत न्हाई.

एक विचारायचं होतं. बी.पी.ची गोळी चालू आहे, अळणी चालतं का? तू शिकलेली आहेस म्हणून विचारलं.

रामराव (तुझे अण्णा)

*

जालना
२२ एप्रिल २०२५

ती. आई आणि ती. अण्णांस नमस्कार.

आई, अण्णांवर रागवू नकोस, मला सगळं कळलं आहे. तू असं काही करशील हे मी ओळखायला पाहिजे होतं. माझ्यासाठी एवढं कशाला?

अण्णा, अळणी चालतं. उलट चांगलंच. आमच्या पुस्तकात पहिलं तेच असतं, बी.पी.च्या माणसाने मीठ कमी करावं. आईचा नवस तुमच्या पथ्यावर पडला म्हणायचा.

आता खरी बातमी. एका हॉस्पिटलात मला दोन गोष्टी सांगितल्या. साध्या वॉर्डात यायचं असेल तर पत्र आजच घेऊन जा. आयसीयू पाहिजे असेल तर शिकाऊ म्हणून या, दीड-दोन महिने काम बघू, इन्चार्ज कल्याणी सिस्टर हो म्हणाल्या तर पत्र, नाही तर नाही. मी आयसीयू धरलं. आई, मला माहीत आहे, साध्या वॉर्डाचं पत्र घेतलं असतं तर मी तुझं अळणी सोडवू शकले असते. पण तू नवस आयसीयूचा बोललीस ना? मग तू पण थोडा दम धर.

कल्याणी सिस्टर कडक आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “तुझे डोळे मशीनवर आहेत. पेशंट खाली आहे.”

तृप्ती

*

भोकरदन
८ मे २०२५

॥ श्री गजानन ॥

चि. तृप्तीस आशीर्वाद.

तुझ्या अण्णांना मी काही बोलले न्हाई. फक्त म्हटलं, बायकांच्या गोष्टी झाकणात घालून पाठवायला लाज न्हाई वाटत का? ते हसले.

तू दम धर म्हणालीस, धरला. मला काही होत न्हाई. पण तुझे अण्णा उन्हानं हैराण झालेत. मोंढ्यात मका आलेला, पत्र्याखाली दिवसभर उभं राहायचं, सदरा पिळून काढावा असा घाम. घरी आले की डोकं दुखतं म्हणतात, मळमळतं म्हणतात. परवा मापात चुकले. इतक्या वर्षांत कधी न चुकलेलं माणूस. साहेबराव मामा शेजारच्या काट्यावर असतात, त्यांनी सांभाळून घेतलं. काल मला सुरेखा म्हणून हाक मारली. सुरेखा त्यांची बहीण, तिला जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, अहो मी दैवशाला. तर म्हणाले, माहीत आहे मला, कशाला शिकवते. चिडचिड पण वाढली.

दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, पोरगी नर्स आहे, तिला विचार. म्हणून विचारते.

तुझी आई

*

जालना
१२ मे २०२५

ती. आईस नमस्कार.

हे उन्हाचंच आहे. आमच्याकडे पण उन्हाने चक्कर येऊन रोज कुणी ना कुणी येतं. अण्णांना पाणी भरपूर प्यायला सांग. मोंढ्यात जाताना मोठी बाटली दे, घरी आले की परत दे, तहान नसली तरी. दुपारी काट्यावर उभं राहू नका म्हणावं. बी.पी.ची गोळी मात्र चुकवू नका.

मला सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही एवढं काम आहे. पण कल्याणी सिस्टरांनी काल पहिल्यांदा मला एक बेड पूर्ण सोपवला. जाताना म्हणाल्या, “आता बघते आहेस बरं का पेशंटकडे.” आई, यांनी एवढं बोलणं म्हणजे पुष्कळ आहे. पत्र येईल. थोडेच दिवस आता.

तृप्ती

*

भोकरदन
१६ जून २०२५

॥ श्री गजानन ॥

चि. तृप्तीस आशीर्वाद.

कालपासून डबा परत सुरू केला. तेराव्यानंतर तू जालन्याला गेलीस तेव्हापासून हातात काही उरलं न्हाई. एकट्या माणसाची भाजी किती लागते?

पिशवी घेऊन स्टँडवर मीच गेले. कंडक्टर म्हणाला, रामरावभाऊ न्हाई आले का आज? त्याला कुणी सांगितलंच न्हव्हतं. मी सांगितलं. त्यानं पिशवी मांडीवर घेतली, रोज खाली ठेवायचा.

तुला एक सांगायचं आहे. तू इथे होतीस तेव्हा बायकांच्या गर्दीत सांगता आलं न्हाई. तुझे अण्णा मोंढ्यात फिट येऊन पडले, साहेबराव मामांनी गाडीत घालून तुझ्याच दवाखान्यात नेले, तुझ्याच वॉर्डात. मी बाहेर बाकड्यावर होते, तुझ्या कल्याणी सिस्टर मला पाणी देत होत्या. दरवाजा उघडायचा तेव्हा तू दिसायचीस. आणि तशात पण माझ्या मनात आलं, पोरीला इथेच उभं राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी तू बाहेर आलीस, तेव्हाच मला कळलं.

तेव्हापासून मी शोधून राह्यले की देव का कोपला. मला सापडलं. तू लिहिलं होतंस, भाजीत मिठाचा खडा लागला. मंग मी पुढच्या वेळेपासून तुझा डबा भरताना भाजी जिभेवर ठेवून बघायचे, मीठ नीट लागलं का. थुंकून टाकायचे, चूळ भरायचे. पण चव तर लागली. अळणी मोडलं. मोडलं माझं, आणि नेलं त्यांना.

म्हणून आता ठरवलं. तुझं पत्र आलं तरी मी अळणी सोडणार न्हाई. जन्मभर न्हाई. त्यात बदल न्हाई.

तुला पत्र मिळालं का, ते तू सांगितलं न्हाईस. मी पण विचारलं न्हाई.

माझं डोकं जड राहतं, पाय लटपटतात. सोनूबाई म्हणते मी एकच गोष्ट दोनदा सांगते. डॉक्टरीण म्हणाली तुमचं पण बी.पी. वाढलं. तुझ्या अण्णांच्या गोळ्या पाकिटात उरलेल्या होत्या, चांगल्या गोळ्या वाया कशाला घालवायच्या, त्याच घेऊन राह्यले.

तुझी आई

*

जालना
१९ जून २०२५

ती. आईस नमस्कार.

पत्र वाचलं तसा फोन केला आणि तुझ्यावर ओरडले. माफ कर. सोनूबाई काकूंनी त्या गोळ्या काढून घेतल्या, तुला दवाखान्यात नेलं, हे त्यांनी मला सांगितलं. रक्त तपासलं त्यात तुझं सोडियम कमी निघालं. फार नाही, पण कमी. फोनवर मी फक्त ‘आजपासून मीठ खा’ म्हणाले आणि तू ‘न्हाई’ म्हणालीस. म्हणून हे लिहिते आहे. नाहीतर मी हे तुला कधी सांगितलं नसतं.

सोडियम म्हणजे आपलं साधं मीठच. ते रक्तात लागतं. खूप कमी झालं की माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, हिशेब चुकतो, नावं चुकतात, आणि शेवटी फिट येते. अण्णांना आणलं तेव्हा त्यांच्या रक्तात ते इतकं कमी होतं की कल्याणी सिस्टरांनी तपासणी परत करायला लावली. फिट आली तेव्हा उलटी छातीत गेली होती. मीठ आम्ही हळूहळू चढवलं, पण छाती काही सावरली नाही.

त्यांची गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढायची. मोंढ्यात घामावाटे जायचं. जेवणातून काही येत नव्हतं. आणि मी वरून पाणी पाजायला सांगितलं, त्याने होतं ते पण पातळ झालं. डॉक्टरांनी मला विचारलं, घरी मीठ बंद होतं का? मी हो म्हणाले. तू तेव्हा बाहेर बाकड्यावर होतीस.

आई, देव कोपला नाही. तू भाजी जिभेवर ठेवलीस त्याने कुणाला काही झालं नाही. तू ते मनातून काढून टाक. मला भीती वाटते की तू ते काढशील आणि त्या जागी दुसरं धरून बसशील, की मी शिजवलं आणि ते गेले. तसं पण नाही. तू शिजवलंस, पण अण्णांनी विचारून खाल्लं. त्यांनी नर्सला विचारलं होतं. नर्सनं लिहून दिलं की चालतं, उलट चांगलंच. मग तू परत विचारलंस, आणि सगळी लक्षणं तू एकेक करून लिहिली होतीस. मी उन्हाचं म्हणाले. मी त्या वेळी आयसीयूत उभी होते, आणि मला पत्र वाचून कळलं नाही.

नेमणुकीचं पत्र मिळालं आहे. अण्णांच्या तेराव्याच्या आधीच तयार झालं होतं. कल्याणी सिस्टरांनी माझ्यासाठी भांडून लवकर काढलं. माझ्या बॅगेत आहे. सही केलेली नाही. करणार नाही. ज्या बाईला स्वतःच्या बापाचं कळलं नाही तिच्या हातात कुणी आपला माणूस का द्यावा? सोमवारपर्यंत मुदत आहे, ती जाऊ देते. मग घरी येते.

तू फक्त मीठ खा. तेवढं माझ्यासाठी कर.

तृप्ती

*

भोकरदन
२१ जून २०२५, शनिवार

चि. तृप्तीस आशीर्वाद.

हा डबा तुला आजच मिळावा म्हणून पहिल्या गाडीला देते. दरवेळी देवाजवळ बसून लिहिते, आज ओट्यावर बसले. इथे उजेड बरा आहे.

तुझं पत्र नीट वाचलं. तुझं शिक्षण मोठं, पण घरातलं तुला काय माहीत? मी सांगते ते ऐक. तुझे अण्णा अळणी खातच न्हव्हते. माझ्यासमोर दोन घास खायचे आणि मोंढ्यात गेले की चहाच्या गाड्यावर भजे खायचे, रोज, पोटभर. तुला चिठ्ठीत बाहेरचं खात न्हाई लिहिलं असेल तर ते तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं. मला सगळं माहीत होतं. सदऱ्याला तेलाचा वास यायचा. मी बोलले न्हाई, म्हटलं पुरुष माणूस आहे, कामाचं माणूस आहे, खाऊ दे.

मंग आता तूच सांग, रोज भजे खाणाऱ्या माणसाच्या अंगात मीठ कसं कमी होईल? झालं असेल तर ते दुसऱ्या कशानं झालं. त्यांच्या वडिलांना पण शेवटी फिट आली होती, घराण्यात आहे ते. माझ्या शिजवण्यानं न्हाई आणि तुझ्या लिहिण्यानं तर बिलकुल न्हाई.

साहेबराव मामाला विचारायला जाऊ नकोस. ते न्हाई म्हणतील. त्यांचं दोघांचं तसं ठरलेलं होतं. चहाच्या गाड्यावाल्याला पण विचारू नकोस, तो नवा आहे.

मी अळणी सोडलं. काल राजूरला जाऊन गणपतीला सांगून आले, पत्र आलं, नवस पुरा झाला. तिथेच प्रसादाची खिचडी खाल्ली, मीठ होतं तिच्यात. सोनूबाई सोबत होती, तिला विचार. तिला विचारलं तरी चालेल.

आता सोमवार यायच्या आत सही कर. तू घरी आलीस तर मी तुला वाढीन, पण तुझ्याकडे बघून माझ्या घशाखाली घास उतरणार न्हाई. माझा माणूस गेला त्या खोलीत कुणीतरी उभं राहायला पाहिजे. दुसऱ्या कुणाची बायको बाहेर बाकड्यावर बसलेली असेल. तिला पाणी द्यायला तरी जा.

तुझी आई

*

जालना
२३ जून २०२५

ती. आईस साष्टांग नमस्कार.

सकाळी सही केली. कल्याणी सिस्टरांनी कागद घेतला आणि म्हणाल्या, दोन वाजता ये. आता डबा खाल्ला, दीड वाजला आहे, निघते.

अण्णा भजे खायचे हे तू सांगितलंस ते बरं केलंस. मला माहीतच नव्हतं. मी तुझं पत्र साक्षीला वाचून दाखवलं, तिला म्हटलं, बघ, माझे अण्णा असे होते, घरी साधू आणि बाहेर भजे. ती हसली. मग ती बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

साहेबराव मामांना मी काही विचारणार नाही.

पण तू अर्धंच लिहिलंस. मिरचीचे खायचे का कांद्याचे? उभ्यानं खायचे का बाकड्यावर बसून? चहा आधी घ्यायचे का नंतर? आई, तुला जेवढं माहीत आहे तेवढं सगळं लिही. रोज थोडं थोडं लिहिलंस तरी चालेल.

तुझी
तृप्ती